डोंगर अनसूयाबाईंचे

लोणावळ्यात कुणी ‘वाटव्यांचे डोंगर’ म्हटलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो. वाटव्यांचे! अहो, गंगाधरपंत वाटव्यांनी उभ्या जन्मात मातीचं ढेकूळ उचललं नाही, आणि म्हणे वाटव्यांचे डोंगर. डोंगर होते अनसूयाबाईंचे. त्यांच्या बायकोचे. हे एकदा नीट सांगायलाच हवं, कारण ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं नाही.

गंगाधरपंत रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. माणूस वाईट नव्हता, पण घरातलं सगळं आपोआप होतं अशी त्यांची पक्की समजूत. भात आपोआप शिजतो, धोतर आपोआप धुतलं जातं, तसे डोंगरही आपोआप उगवतात. खंडाळ्याच्या बंगल्यातला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात पंतांनी एक पेटी उचलली. पेटीत शिशाचे शिपाई, घोडेस्वार, बोटभर तोफा आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक. पट्टीनं मोजून पलटणी पुढे सरकवायच्या, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. दर रविवारी वडगावच्या कोर्टातले वकील त्र्यंबकराव ओगले गाडीनं यायचे, आणि जुन्या दाराची फळी दोन लाकडी घोड्यांवर टाकून दोघं दिवसभर लढाई लढायचे. लढाई बहुधा एकच. वडगावला इंग्रजांच्या फौजेनं हात टेकले ती. रविवारी नवरा घरात असून नसल्यासारखा. बरं, असू दे. पत्ते कुटण्यापेक्षा बरं, असं अनसूयाबाई म्हणायच्या.

पण फळी सपाट. घाट नाही, खिंड नाही, दोन्ही फौजा एकमेकींकडे बघत उभ्या. मग पंतांनी एके रविवारी पुस्तकांची चळत रचली आणि तिच्यावर हिरवं कापड अंथरून डोंगर केला. हिरवं कापड म्हणजे काय, तर अनसूयाबाईंचा लग्नातला शालू! वर त्र्यंबकरावांच्या विडीची राख. अनसूयाबाई बाहेर आल्या, शालू ओढून घेतला, दोन पलटणी जमिनीवर सांडल्या. “शालूला हात लावाल तर खबरदार,” त्या म्हणाल्या. “डोंगर हवेत ना? मी करून देते.”

आणि दिले की करून. त्यांचं माहेर तळेगावचं. लहानपणापासून चैत्रगौरीची आरास करायचा हात. गौरीपुढे बाग, विहीर, देऊळ, डोंगर, सगळं त्या एकट्याच मांडायच्या आणि बघायला आळी लोटायची. कागद भिजत घालायचे, कुटून लगदा करायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कसर लागत नाही. त्याच लगद्याचे आता लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना उभे राहिले. माथा सपाट, खाली काळा कातळकडा, त्याखाली उतरती झाडी. झाडं कशाची, तर दगडफुलाची. मसाल्यातलं दगडफूल! कुसगावची धोंडाबाई दूध घालायला यायची, ती रानातून आणून द्यायची. अभ्रकाच्या चुऱ्याची इंद्रायणी. खंडाळ्यापासून तळेगावापर्यंतचा सगळा मुलूख फळीवर आला. सासर-माहेर करताना गाडीच्या खिडकीतून बघून बघून तो त्यांना पाठ झाला होता, नकाशा लागला नाही.

धोंडाबाई एकदा दुधाची चरवी ठेवून बघतच राहिली. “वयनी, ह्यो तर आमचाच डोंगूर! आन हे मालक काय करत्यात यात?”

“मालक लढतात,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“बसून?”

“बसून.”

दरवर्षी चैत्रात डोंगर माजघरात गौरीपुढे जायचे. महिनाभर गौर झोपाळ्यात बसायची, तिच्यापुढे सगळा मावळ मांडलेला. अक्षय्य तृतीयेला गौर उठली की डोंगर पुन्हा बाहेर फळीवर. हा करार पंतांनीच आनंदानं मान्य केला होता. आणि करार वर्षानुवर्षं पाळलाही गेला, हे खोटं कशाला बोला. लोक बघायला यायचे, “वाटवे, कमाल आहे!” म्हणायचे, पंत मिशीतल्या मिशीत हसायचे. अनसूयाबाई आतून चहा पाठवायच्या. बाहेरच्या खोलीत परक्या पुरुषांसमोर जायची रीत नव्हती आणि आपलं नाव कुणी घेईल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पण ‘मी केले’ असं पंत कधी म्हणाले नव्हते. निदान त्यांच्या कानावर तरी नाही.

मग तो चैत्र आला. गुड फ्रायडेची सुट्टी, आणि त्याच शुक्रवारी अनसूयाबाईंचं हळदीकुंकू. दुपारी त्या धोंडाबाईला घेऊन आंबेडाळीसाठी कैऱ्या आणायला बाजारात गेल्या. परत येतात तो माजघरात काय? गौर कोपऱ्यात, उघड्या पाटावर. झोपाळा भिंतीला टेकवलेला. अळीव पेरलेलं तबक लवंडलेलं, कोवळी हिरवळ कुणाच्या तरी पायाखाली चुरडलेली. आणि डोंगर? एकही नाही!

बाहेरून हसण्याचा आवाज आला. पुण्याहून कुणी रावसाहेब पोंक्षे आले होते. लढाईच्या खेळातले म्हणे मोठे दर्दी, त्र्यंबकरावांनी त्यांना मुद्दाम आणलेलं. त्यांना डोंगर दाखवायचे म्हणून पंतांनी गौर उठवली. देवीला! अनसूयाबाई दाराआड उभ्या राहिल्या, पदरात कैऱ्या.

“वाटवे, हे कातळकडे तुम्ही केलेत?” रावसाहेब विचारत होते.

“हो, फावल्या वेळात,” पंत म्हणाले. “हात बसलाय आता.”

हात बसलाय! तळपायाची आग मस्तकात गेली बाईंच्या. डोंगर नेले, ते त्यांनी गिळलं असतं. गौर हलवली, तिची त्यांनी क्षमा मागितली असती. पण हात बसलाय? ज्या हाताला लगदा लागला तर दहादा धुवावा लागेल, तो हात?

त्यांनी पंतांना आत बोलावलं. आरडाओरडा केला नाही. “एक वाक्य बोला,” त्या म्हणाल्या. “‘डोंगर आमच्या घरातून केलेत.’ माझं नावसुद्धा घेऊ नका. एवढं बोला आणि खुशाल खेळा.”

“अगं, आता कसं बोलू? हो म्हणून बसलोय. पाहुणे पुण्याचे आहेत.”

“म्हणूनच.”

“घरातल्या घरात काय तुझं-माझं? सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“रावसाहेबांना नाही.”

“बरं, बघतो,” म्हणाले आणि बाहेर गेले. अनसूयाबाईंनी वाट बघितली. कैऱ्या किसून झाल्या, डाळ वाटून झाली. बाहेर तोफा सरकत होत्या, फासे पडत होते, वाक्य काही पडलं नाही.

मग त्यांनी हात धुतले, गौर उचलली, झोपाळा उचलला, आणि नाकासमोर बघत बाहेरच्या खोलीत गेल्या. पुरुष दचकून उठले. त्र्यंबकरावांनी एक तोफ लोहगडावर चढवली होती, ती बाईंनी उचलून त्यांच्या हातात दिली. लोहगडाच्या माथ्यावर झोपाळा ठेवला, त्यात गौर बसवली, हळदकुंकू वाहिलं. पायथ्याशी उभ्या शिपायांच्या डोक्यांवरही हळद सांडली, गोऱ्यांच्या आणि मराठ्यांच्या सारखीच.

“गौर आपल्या डोंगरावर बसली,” त्या म्हणाल्या. “आता तृतीयेपर्यंत इथलं काही हलायचं नाही. बायका येताहेत. तुम्ही ओट्यावर बसा.”

हळदकुंकू वाहिलेल्या देवीपुढचा घोडा उचलायची कुणाची छाती? भर लढाई सोडून तिघं चपला शोधत ओट्यावर गेले. आळीतल्या बायका आल्या, खोली भरून गेली. “अगंबाई, यंदा फौजफाटा!” म्हणत त्यांनी गौरीला हळदकुंकू वाहिलं, डोंगर कसे केले ते विचारलं. अनसूयाबाईंनी लगदा, मेथ्या, अभ्रक, दगडफूल, सगळं सांगितलं. दार उघडं होतं, ओट्यावर शब्दन् शब्द जात होता.

रावसाहेब बहिरे नव्हते. त्यांनी तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “वाटवे, मग डोंगर कुणाचे?”

आतल्या बायकांचे कान दाराकडे वळले. अनसूयाबाईंच्या हातात पन्ह्याचं भांडं होतं, ते तसंच राहिलं. याहून सोपी संधी कुणा नवऱ्याला मिळते?

पंतांनी घसा खाकरला. “केले तिनंच,” ते म्हणाले. “माझ्या सांगण्यावरून.”

“हां,” रावसाहेब म्हणाले. “कल्पना महत्त्वाची. हात काय, कुणाचेही चालतात.”

काय म्हणावं या माणसांना! शिकलेली, सवरलेली! त्यापेक्षा ‘मीच केले’ म्हणाले असते तर एक खोटं झालं असतं. हे तर खऱ्यात खोटं कालवलं. धोंडाबाईला राहवलं नाही. ती दारातूनच कडाडली, “सांगन्यावरनं? आवो सायेब, लगदा ह्या बाईनं मळला, मेथ्या हिनं वाटल्या, दगडफूल म्या आनलं. मालक खुर्चीतनं म्हनायचं, ‘चा आना.’ तेवडं सांगनं मातुर खरं हाय!”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रावसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि गाडीची चौकशी केली. अनसूयाबाईंनी तिघांना आंबेडाळ पाठवली, पंतांना वाढताना मिरचीसुद्धा जास्त घातली नाही.

तृतीयेला गौर उठली. बाईंनी गौर उचलली, झोपाळा उचलला, डोंगर तिथंच ठेवले. दरवर्षी त्या पावसाआधी डोंगरांना मेथीच्या खळीचा नवा हात द्यायच्या आणि चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेला चढवून ठेवायच्या. लोणावळ्याचा पाऊस तो, भिंतींना बुरशी आणतो, कागदाची काय कथा! यंदा त्यांनी हात लावला नाही. पंतांनी डोंगर खोक्यात भरून मागच्या पडवीत ठेवले. बाईंना विचारलं नाही. कशाला विचारतील? सांगणारे तेच ना!

आश्विनात रावसाहेबांचा निरोप आला, दिवाळीत राहिलेली लढाई पुरी करू. पंतांनी त्र्यंबकरावांसमोर खोकं उघडलं, आणि दोघांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. तिकोना विसापुरात मिसळला होता. लोहगडावर बोटभर पांढरी बुरशी.

“अगं, डोंगर बसले!” पंत ओरडले. “दिवाळीपर्यंत नवे व्हायला हवेत. करशील ना?”

अनसूयाबाई आत गेल्या. निरोप आल्या दिवशीच भिजत घातलेल्या कागदाची बादली आणि वाटलेल्या मेथ्यांचं पातेलं आणून त्यांनी पंतांच्या पायाशी ठेवलं. “हे सामान. तुमच्या सांगण्यावरून होतात ना? सांगा त्याला.”

आणि मग बाहेरच्या खोलीत, वकिलांसमोर, त्या खुर्ची ओढून बसल्या. लग्न झाल्यापासून त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. पंतांनी बादलीकडे बघितलं, त्र्यंबकरावांकडे बघितलं. त्र्यंबकराव आढ्याकडे बघत होते. पंतांनी एक बोट लगद्यात घातलं आणि काढून घेतलं.

शेवटी खाली मान घालून पंत पुटपुटले, “त्र्यंबकराव, डोंगर हिचे होते. सगळे. मी काही सांगितलं नव्हतं.”

“मोठ्यानं बोला,” अनसूयाबाई म्हणाल्या. “रावसाहेब पुण्याला राहतात.”