हळदीच्या दिवशीचं वावधान

माझ्या लग्नाचा मांडव कुठे पडला, हे अजून कोणाला सापडलेलं नाही. मुहूर्तमेढ तेवढी गावाबाहेरच्या आटलेल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मिळाली, गाळात उभी रुतलेली. बाकी जांभळाचे डहाळे, बांबू, आंब्याची तोरणं, सगळं आभाळानं नेलं ते नेलंच. नातवंडं विचारतात, आजी, तुझ्या लग्नाचा एकही फोटो कसा नाही? मी म्हणते, फोटो काढण्याजोगं काही शिल्लक राहिलं असतं तर काढला असता बाबांनो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव आंबागडच्या डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, आणि मे महिन्यात लग्नं. माझी सोयरीक सिहोऱ्याकडच्या एका गावात जुळली होती. हळद आदल्या दिवशी दुपारी, लग्न दुसऱ्या दिवशी गोरजावर, असं ठरलं होतं.

मी चालायला लागले त्याच वर्षी आई गेली. मला वाढवलं आत्यानं. ती बाबांची धाकटी बहीण, लग्नानंतर दोनच वर्षांत कुंकू पुसून माहेरी परत आलेली. माझ्या केसांच्या जटा, माझे ताप, माझे हट्ट, सगळं तिनं निस्तरलं. आणि माझ्या हळदीच्या दिवशी नेमकी तिलाच मांडवात जागा नव्हती. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही आणि हळद लागलेल्या मुलीलाही शिवायचं नाही. हे तिला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजच पडली नाही. सकाळी तिनं मला न्हाऊ घातलं, पाठ पुसून दिली आणि म्हणाली, "जातो मी आता कोठ्यात. बैलाइले पाणी पाजाले लागते." गुरांच्या गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात. पाणी पहाटेच पाजून झालं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मला भयंकर राग आला होता, पण नवरीनं त्या दिवशी मान खाली घालून बसायचं असतं, म्हणून बसले.

हळदीचा सगळा कारभार मोठ्या आईकडे होता. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या परवानगीशिवाय आमच्या घरात कोंबडंसुद्धा आरवत नसे. पहिलं बोट तिनं लावलं, मग गावातल्या सवाष्णींनी. मानेला, दंडांना, पावलांना, इतकी की लुगड्याचा मूळ रंग ओळखू येईना. मग माझ्या हातात लोखंडी सुरी दिली. हळदीच्या अंगाला बाहेरचं काही लागू नये म्हणून ती लग्न लागेपर्यंत सोडायची नसते, आणि तोवर मांडवाबाहेर पाऊलही टाकायचं नसतं.

त्या दिवशी सकाळपासून हवा म्हणून नव्हती. मांडवाचं एक पान हलत नव्हतं. दुपार कलली तसं डोंगराकडून आभाळ भरून आलं. काळं आभाळ आम्हाला नवीन नव्हतं. मे महिन्यात एखादं वावधान, आमच्याकडे वादळाला हाच शब्द, यायचंच आणि छपराची चार कौलं, आमचे कवेलू, उडवून जायचं. पण या ढगाच्या पोटात हिरवट उजेड होता आणि तो मला मुळीच आवडला नाही. मोठी आई उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली ती जवळजवळ पळतच.

"उठ," ती मला म्हणाली. "आतमधी चाल."

"काहून?"

"वावरात वावटळ उठून राहिली. लय मोठी हाये."

वावटळ म्हणजे नुसता वारा, असं आमच्याकडे कोणी मानत नव्हतं. तिच्यात बाहेरचं असतं आणि ते हळदीच्या वासावर येतं, अशी जुन्या माणसांची पक्की समजूत. त्यामुळे सगळ्या गावावर वादळ येत होतं, पण मोठ्या आईच्या लेखी ते फक्त माझ्यासाठी येत होतं. तिनं मला दंडाला धरून मागच्या धानाच्या खोलीत ढकललं.

"आत्या कोठ्यात हाये!" मी ओरडले.

"येईन ते. तू बस चूपचाप. सुरी सोडू नोको." आणि तिनं बाहेरून कडी घातली.

त्या खोलीला एकच झरोका होता. त्यातून घरामागची सांदवाडी दिसायची आणि सांदवाडीच्या टोकाला कोठा. मातीच्या भिंती, वर सागाचं जाड आडं, त्यावर बांबू आणि कवेलू. त्या कवेलूंखाली माझी आत्या होती. मी झरोक्याला तोंड लावून हाका मारायला लागले.

आधी गारा आल्या. छपरावर असा काही मारा सुरू झाला की माझी हाक मलाच ऐकू येईना. पुढच्या अंगणात पुरुषमंडळी मांडवाच्या खांबांना लोंबकळली होती, मांडव उडू नये म्हणून. बाबाही त्यांच्यात होते. मांडव धरून ठेवण्याची ही कल्पना कोणाची, यावर पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे भांडणं झाली. कोणीच कबूल होत नसे.

गारा एकाएकी थांबल्या. आत्या कोठ्याच्या दारात आलेली दिसली. ती आता घराकडे पळेल असं वाटलं. तिनं डोंगराकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि पुन्हा आत गेली. लगेच एक बैल शेपूट वर करून बाहेर पळाला. मग मला कळलं. ती बैलांची दावी सोडत होती. दोन बैल अजून आत होते.

"आत्या, राहू दे! बाहीर ये!" मी ओरडत होते आणि दारावर लाथा मारत होते. कोणी येत नव्हतं.

आणि मग ते दिसलं. वावराच्या पलीकडे ढगातून एक सोंड खाली आली होती. हत्तीची असते तशीच, हलणारी, जमिनीला हुंगणारी. ती पुढे सरकत होती आणि तिच्या बुडाशी माती, धानाचं तनस, झाडांच्या फांद्या गरागरा फिरत होत्या. गावाबाहेर तेंदूपत्त्याची पुडकी वाळत घातलेली असायची, ती सगळीच्या सगळी एकदम उठली आणि आभाळ पानांनी भरून गेलं. आवाज असा की छातीत कळ आली. दुसरा बैल बाहेर पडला. आत्या आली नाही.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कानांत दडे बसले. डोक्यावरचे कवेलू गेले, एकेक नव्हे, सगळे मिळून. वर नुसते बांबू आणि त्यावर घुमणारी माती. समोरची भिंत पोट फुगवल्यासारखी पुढे आली आणि दार चौकटीसकट माझ्या पायाशी येऊन पडलं. मी धानाच्या कोठीला मिठी मारून बसले होते, म्हणून वाचले. डोळे उघडले तेव्हा धो धो पाऊस लागला होता. कडी तशीच लागलेली होती, दार मात्र जमिनीवर होतं.

मी त्या दारावर पाय देऊन बाहेर पडले. घरात बायका रडत होत्या, एकमेकींच्या नावानं ओरडत होत्या. अंगणात मांडव नव्हता. खड्डे होते. मोठी आई ओसरीच्या भिंतीला टेकून उभी होती, तिच्या कपाळातून रक्त येत होतं. मला पाहिल्याबरोबर ती किंचाळली, "बाहीर नोको जाऊ! हळद हाये अंगाले!"

मी थांबले नाही. सांदवाडीत मोहाचं झाड आडवं पडलं होतं, त्याच्या फांद्यांतून वाट काढत गेले. कोठा उरलाच नव्हता. मातीचा ढीग, त्यावर आडं तिरपं पडलेलं, आणि एक बैल अजून दाव्याला हिसके देत होता. त्या दाव्याचं दुसरं टोक आत्याच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. गाठ सोडताना वेढा बसला असणार. ती कमरेपर्यंत मातीखाली होती, एक पाय आड्याखाली, आणि बैलाच्या प्रत्येक हिसक्यासरशी तिचा हात खांद्यातून ताणला जात होता. तिचे डोळे उघडे होते.

मी जवळ बसले तर ती काय म्हणाली असेल? वाचव म्हणाली नाही. पाय दुखतो म्हणाली नाही.

"मले शिवू नोको बाई," ती म्हणाली. "तुया अंगाले हळद हाये. बाबूले बलाव."

बाबू म्हणजे माझे बाबा. ते कुठे होते, जिवंत होते की नाही, हे त्या घडीला मला माहीत नव्हतं.

"हळद गेली खड्ड्यात!" मी तिच्यावर खेकसले. अशा वेळी माणूस गोड बोलतो म्हणतात. मी जन्मात कधी बोलले नाही तशी तिच्यावर ओरडले. सुरी अजून माझ्या मुठीत होती. ती कशी राहिली मला ठाऊक नाही. मी दावं कापायला घेतलं. ओलं सूत भारी चिवट असतं आणि ती सुरी भुतांना भिववायची, धार कोण कशाला लावतंय तिला. बैल ओढतोय, दावं करकरतंय, आत्या डोळे मिटून दात खातेय. शेवटचा पीळ तुटला तेव्हा बैल उडालाच आणि मी चिखलात बसले.

मग आडं. मी त्याच्याखाली खांदा घातला. ते हललं नाही. पुन्हा घातला. पाऊस डोळ्यांत, पाय घसरतायत. आत्या आता काही बोलत नव्हती आणि ते मला सहन होईना. मी रडत होते, शिव्या देत होते, कोणाला ते विचारू नका. तेवढ्यात माझ्या शेजारी दुसरा खांदा लागला. मोठी आई होती. कपाळातलं रक्त पावसानं गालावर पसरलेलं, पदराचा पत्ता नाही.

"मी म्हटलं का उचल," ती म्हणाली. "उचल!"

आडं वीतभर उचललं गेलं. मी खांदा काढला, आत्याच्या काखेत हात घालून तिला ओढली. ती माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी चिखलात पडलो. मी तिला घट्ट धरून ठेवली. मला वाटत होतं, सोडली तर जाईल. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर, खांद्यावर, गळ्याशी माझी हळद लागली होती आणि पावसानं ती आणखीच पसरत होती. ती पुसायला गेली, हात उठेना.

बाबा सापडले. खांबानं त्यांना उचलून शेजारच्या तनसाच्या ढिगात टाकलं होतं, तळहातांची सालं निघालेली. आमच्या गावात माणूस गेलं नाही. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, दोघं भिंतीखाली गेली. तशीच दुसरी सोंड सिहोऱ्याकडेही उतरली होती, असं मागून कळलं. रात्र आम्ही बिनछपराच्या घरात, चटया डोक्यावर धरून काढली. आत्याच्या पायाला बांबूच्या काड्या बांधल्या होत्या. तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

सकाळी ऊन असं स्वच्छ पडलं की संताप यावा. गावातल्या निम्म्या घरांवर कवेलू नव्हते. विहिरीत तेंदूची पानं, पिठाच्या डब्यात तेंदूची पानं. एक सायकलवाला निरोप घेऊन आला. रस्त्यावर झाडं पडलीत, एसटी बंद आहे, पण वऱ्हाड कुऱ्हाडी घेऊन पायी निघालंय. लग्न आजच लावायचं म्हणतात.

मग बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरीची हळद धुऊन गेली, पुन्हा लावायला हवी. शेजारणीनं पळसाच्या पानावर थोडी हळद आणून दिली. मला पाटावर बसवलं, जिथे मांडव होता तिथेच, उघड्या आभाळाखाली. आत्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. आम्ही जमलो तशी ती फरफटत मागे सरकायला लागली. कोठा तर राहिला नव्हता, मग जाणार कुठे? तरी सरकत होती.

मोठ्या आईनं हळद कालवली. आम्ही सगळ्या तिच्या पहिल्या बोटाची वाट पाहत होतो. ती उठली, माझ्यासमोरून गेली आणि ते पान आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"लाव."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "मी? मी कशी लावू वो बाई?"

एक म्हातारी पुटपुटली, "मांडवात असं चालते काय?"

"मांडव कुठं हाये?" मोठी आई तिच्यावर कडाडली. "दाखव मले मांडव. मांडव गेला उडून, अन् त्याचे नेम बी गेले त्याच्यासंगं. लाव वो तू. ऊन चढून राहिलं."

मी पाटावरून उठले आणि आत्याच्या पुढ्यात जाऊन बसले, कारण तिला उठता येत नव्हतं. तिनं हळदीत बोटं बुडवली. याच हातानं तिनं माझं नाक पुसलं होतं, उवा काढल्या होत्या, थोबाडीत मारली होती, कालच माझी पाठ पुसली होती. आता तो हात माझ्या तोंडासमोर नुसता थांबून राहिला. सुरुवात कुठून करतात, ते तिला माहीत नव्हतं.

मी तिचं मनगट धरलं, दाव्याचे वळ उठलेलं, आणि माझ्या गालावर ठेवलं.