कुंपण दुरुस्त करणारे बापलेक

गंगाखेडच्या बसस्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या मागच्या भिंतीवर पासपोर्ट फोटोसाठी पांढरा पडदा लावलेला असतो. परीक्षेच्या फॉर्मपासून पेन्शनच्या अर्जापर्यंत गावातल्या अनेकांचे चेहरे त्या पडद्यापुढं बसून गेलेत. गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही तिघं मित्र त्याच पडद्यावर अमेरिका बघत होतो. आता दोघं उरलो आहोत. पडदा पुन्हा फक्त फोटोपुरता झाला आहे.

नावं लिहायला माझा हात होत नाही. जो गेला त्याला मी मित्र म्हणतो. स्टुडिओ ज्याचा आहे तो फोटोवाला. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. कुणाला कधी काही शिकवलं नाही, तरी दोघंही मला मास्तर म्हणायचे.

मित्राच्या मुलाला मला एक गोष्ट सांगायची होती. तो दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन करायचा, आणि दर रविवारी साडेपाचपासून मी घड्याळाकडं बघत बसायचो. तीन रविवार मी टाळाटाळ केली. काय टाळत होतो, ते नीट सांगायचं तर पडद्यापासून सुरुवात करावी लागेल.

मित्र साखर कारखान्यात बॉयलरवर होता. मुलगा एकुलता एक. शेतकीचं शिकला आणि मक्याच्या बियाण्यावर काम करायला नेब्रास्का नावाच्या राज्यात गेला. मित्रानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, पोरगं काचेच्या बिल्डिंगीत बसायलंय म्हणून. मग मुलानं पहिला फोटो पाठवला. सरळ रस्ता, दोन्हीकडं क्षितिजापर्यंत मका, पत्र्याच्या गोल टाक्या, एक पेट्रोल पंप, एक बंद दुकान.

फोटोवाल्यानं मोबाइल हातात घेतला आणि म्हणाला, "आरं, हे तर आपल्याकडचं बोरी गावच हाय! फकस्त म्हशी न्हाईत."

मी हसलो. मित्र हसला नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत करत तो म्हणाला, "ह्यात माणूस कुठं हाय?"

त्याला तो घोर लागला. अमेरिकेच्या अशा मधल्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या गावांवर काही चांगले चित्रपट आहेत, ते मी बघितले होते. सहज तसं बोललो तर तो म्हणाला, "मग ते दाखव मला. उंच बिल्डिंगीवाले नको. पोरगं राहतंय तसलं दाखव."

फोटोवाल्याकडं लग्नाचे व्हिडिओ दाखवायला प्रोजेक्टर होता. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. शटर अर्धं ओढायचं, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येत, ती मी मराठीत मोठ्यानं वाचायचो. मध्येच कुणी वाकून आत यायचं, "अर्जंट फोटो पायजे" म्हणायचं, की चित्रपट थांबवून त्याला पडद्यापुढं बसवायचं. एकदा एका आजोबांचा फोटो काढला तेव्हा प्रोजेक्टर बंद करायचा राहिला आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर अमेरिकेतली गाय उमटली. फोटोवाला म्हणाला, "राहू द्या बाबा, पेन्शन डबल मिळंल."

असे कितीतरी चित्रपट बघितले. पोलादाचा कारखाना बंद पडलेलं गाव, डोंगरातली कोळशाची वस्ती, वाळूत उभा एकच ढाबा. मित्र माणसांकडं आधी बघायचाच नाही. चिमणीकडं बघायचा. "धूर न्हाई. गाळप बंद. आता ह्या घरात भांडणं लागणार," म्हणायचा, आणि पंधरा मिनिटांत भांडणं लागायची. फोटोवाल्याला वेगळाच प्रश्न पडायचा. एवढं रान, एवढं आभाळ, आणि लोक असे पडल्या तोंडाचे का? "लग्नं कमी हायत तिकडं," हे त्याचं निदान.

चर्चा रंगायची, पण मित्राची एक गोष्ट मला हळूहळू टोचायला लागली. दर चित्रपटात तो अंतरं मोजायचा. घरापासून सडक किती. सडकेपासून दवाखाना किती. शेजारचा दिवा दिसतो का. रानात एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात कुणीतरी शिरतं असा एक चित्रपट झाला, त्या संध्याकाळी त्यानं मुलाला फोन लावला, "आतून कडी लावतो का रं?" मुलगा हसला असणार. मित्र म्हणाला, "हसू नको. कडी हाय का तेवढं सांग."

तेव्हापासून मी प्रत्येक चित्रपट शनिवारी घरी एकटा आधी बघायला लागलो. फार वाईट असेल तर बाद करायचो. एखादा प्रसंग मवाळ करून वाचायचो, एखादी शिवी गाळायचो. वाक्यं बदलायची सवय अशी लागली. पुढं जे केलं त्याची मुळं तिथंच आहेत असं आता वाटतं.

दिवाळीनंतर एका सकाळी मित्र माझ्या घरी आला आणि शर्टाच्या आतून एक पाकीट काढलं. नांदेडच्या डॉक्टरांचा रिपोर्ट. जिना चढताना छाती भरून येते म्हणून तो एकटाच जाऊन आला होता. हृदयाची झडप अरुंद झाली होती, ऑपरेशन लवकर करा असं लिहिलेलं होतं. मी दोनदा वाचला.

"वहिनींना?"

"गॅस म्हणून सांगितलंय."

"आणि पोराला?"

त्यानं रिकामं पाकीट घडी करून पुन्हा शर्टात घातलं. मग म्हणाला, "त्याचे तिथं कायम राहायचे कागद चालू हायत. मधीच देश सोडला तर सगळं मुसळ केरात. उन्हाळ्यात कागद झाले की येणारच हाय तो. तवा करू."

"उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कशाला? आम्ही आहोत की. आम्ही नेतो."

"तो आल्याबिगर मी टेबलावर झोपायचो न्हाई मास्तर. आन तू जर का त्याला सांगितलं, तर माझी आण हाय तुला."

आण वगैरे मी मानत नाही, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. पण फोन उचलून मुलाला सांगायची हिंमत झाली नाही. घरात पुस्तकं उघडायचो आणि एकाच पानावर तासभर बसायचो. समोर दिसला की आधी त्याच्या ओठांचा रंग बघायचो. शेवटी मला एक युक्ती सुचली, पुस्तकी माणसाला सुचते तशी. आपण सांगितलेलं तो ऐकत नाही, पडद्यावरचं ऐकेल.

एक चित्रपट मला माहीत होता. मोकळ्या माळरानावर एक म्हातारा गुरं राखत एकटा राहतो. मुलगा लांब, तेलाच्या विहिरींवर कामाला. म्हाताऱ्याला खोकला लागतो, तो मुलापासून लपवतो. फोनवर खोकला आला की फोन छातीशी दाबून धरतो. अखेर शेजारीण मुलाला कळवते. मुलगा रात्रंदिवस गाडी चालवत बर्फातून येतो आणि घरी पोचतो तेव्हा घर झाडलेलं असतं, अंथरूण नीट घातलेलं असतं, बाप गेलेला असतो. शेवटी मुलाला आठवतं, खूप वर्षांपूर्वी ते दोघं मिळून तारेचं कुंपण दुरुस्त करत होते. तिथंच चित्रपट संपतो.

हा दाखवायचा, त्यानं सगळा बघायचा, आणि उठून मुलाला फोन करायचा. एवढीच माझी योजना होती.

त्या रविवारी मी नेहमीसारखा वाचत होतो. म्हाताऱ्यानं फोन छातीशी दाबला तेव्हा मित्रानं खुर्चीचा हात घट्ट धरला. मी बघितलं आणि मनात म्हटलं, लागलं. मुलगा बर्फात गाडी चालवायला लागला. मित्र पुढं सरकून बसला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, तोकडा, धाप लागल्यासारखा. पडद्यावर दार उघडलं. झाडलेली खोली. नीट घातलेलं अंथरूण. शेजारीण येऊन दोन वाक्यं बोलली. ती खाली अक्षरांत आली.

मित्र माझ्याकडं वळला. "काय म्हणली ती? कुठाय म्हातारा?"

त्याचा चेहरा मला बघवला नाही. मी म्हणालो, "दवाखान्यात आहे म्हणाली. बरा आहे."

पुढचं सगळं मग सोपं झालं, ह्याचीच मला भीती वाटते. कुंपण आलं. बापलेक उन्हात तार ताणत होते, हसत होते. मी म्हणालो, "घरी आणला त्याला. आता दोघं कुंपण दुरुस्त करायलेत."

फोटोवाला म्हणाला, "आन पोराची दाढी कुठं गेली?"

गाडी चालवताना मुलाला भरघोस दाढी होती. आठवणीतला मुलगा तरुण होता, गुळगुळीत.

"बापाला भेटायचं म्हणून काढली," मी म्हणालो.

"आपल्याकडं तर बाप गेल्यावर काढतेत!"

"ए, तुझ्या तोंडात माती," मित्र म्हणाला, आणि मोठ्यानं हसला. कितीतरी दिवसांनी हसला. फोटोवाल्यानं चहा सांगितला. चहा पिता पिता मित्र मला म्हणाला, "बघ मास्तर. उगं लय भेवत होतास. पोरगं येळंवर येतंच. आधीपासून त्याच्या जिवाला घोर कशाला?"

मी कप धरून बसलो होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. त्याच संध्याकाळी त्यानं मुलाला तो चित्रपट फोनवरून सबंध सांगितला, कुंपणासकट.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तो सकाळी आंघोळीचं पाणी काढताना खाली बसला आणि तसाच गेला. पुतण्यानं अग्नी दिला. मुलगा दोन विमानं, हैदराबाद आणि तिथून रेल्वे असं करत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. राख सकाळीच सावडली होती. मी त्याच्याबरोबर घरात शिरलो. वहिनींनी ओसरी झाडून घेतलेली होती. कॉटवरची चादर ताणून नीट घातलेली होती. मी उलट्या पावली बाहेर आलो.

मुलाला दाढी होती. मित्राच्या व्हिडिओ कॉलमध्ये ती मला कधी नीट दिसली नव्हती.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर न्हाव्यानं त्याचं डोकं आणि दाढी उतरवली. दाढीखालून जो चेहरा निघाला तो बॉयलरवर नवा लागलेल्या मित्राचाच होता. फोटोवाला माझ्या शेजारी पायरीवर बसला होता. पाण्याकडं बघतच तो हळू म्हणाला, "मास्तर, त्या पिच्चरमधला बाप मेलता न्हवं?"

मी होकाराची मान हलवली.

"मला तवाच वाटलं. दाढी एका दिवसात जाती. तोंड धा वर्सांनी लहान होत न्हाई."

"मग बोलला का नाहीस?"

"वाचायलतास तू. मला कुठं इंग्रजी येतंय?"

त्या दुपारी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. बोडक्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "काका, मधे देश सोडायची तातडीची परवानगी मिळत होती. आत्ता एका दिवसात मिळाली. कागदांना काही झालं नसतं. बाबा तुम्हाला काहीच बोलले नव्हते का?"

मी म्हणालो, "गॅस म्हणायचा."

तो परत गेला. मग रविवारचे फोन सुरू झाले, बापाला करायचा त्याच वेळेला. पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं, "काका, बाबांना तो कुंपणाचा पिक्चर फार आवडला होता. नाव काय त्याचं? मला बघायचाय." मी म्हणालो, आठवून सांगतो. दुसऱ्या रविवारी म्हणालो, नावं लिहिलेली वही सापडत नाही. तिसऱ्या रविवारी फोन उचललाच नाही. फोटोवाल्याला कळलं तेव्हा तो चिडला. "पोरगं बापाची एक वस्तू मागायलंय आन तू लपवायलास. तू सांगतो का मी सांगू?"

चौथ्या रविवारी मी मुद्दाम स्टुडिओत जाऊन बसलो. सहा वाजले. फोटोवाल्यानं शटर ओढलं आणि माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला, पळून जाऊ नये म्हणून बसावं तसा. फोन वाजला.

"काका, सापडलं का नाव?"

"सापडलं. पण आधी शेवट सांगतो. त्यात बाप वाचत नाही. मुलगा पोचतो तेव्हा तो गेलेला असतो. कुंपण ही जुनी आठवण असते."

"नाही काका, बाबांनी सांगितलं होतं, दवाखान्यातून आणतात म्हणून."

"तो शेवट माझा होता. मी त्याला खोटं वाचून दाखवलं. आणि रिपोर्ट मी दिवाळीनंतरच वाचला होता. गॅस नव्हता. मला माहीत होतं."

पलीकडं तिकडची सकाळ होती. एखादं मोठं वाहन मागं घेताना वाजतं तसा आवाज येत होता, टीं टीं टीं. मग तो आवाजही थांबला. मला वाटलं फोन कटला. कानापासून काढून बघितला, सेकंद पुढं जात होते.

"रिपोर्ट कुठाय?" त्यानं विचारलं.

"माझ्याकडंच आहे. त्यानं परत नेला नव्हता."

"फोटो काढून पाठवा."

"पाठवतो."

"आणि नाव सांगा."

मी एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेलो. तो लिहून घेत होता, मध्येच एक अक्षर पुन्हा विचारलं. मग "ठीक आहे" म्हणाला आणि ठेवला. काका म्हणाला नाही.

फोटोवाल्यानं हात पुढं केला. मी पिशवीतून रिपोर्ट काढून त्याला दिला. त्यानं तो पांढऱ्या पडद्याला चिमट्यांनी लावला, दोन्ही दिवे लावले आणि प्रत्येक पानाचा फोटो सावकाश, नीट काढला.