चारशे वॅटची शिट्टी

"मॅडम, मले फसवलं! यावर चारशे वॅट लिहेल हाये, अन् काटा शंभराच्या वर जाऊनच नाही राह्यला."

वासुदेवकाकांनी नव्या अॅम्प्लिफायरवर थाप मारली. मी खांद्यावरची बॅगही अजून उतरवली नव्हती. काका वडनेर भोलजीचे शेतकरी, आणि परवाना असलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. मी खामगावात असे सेट दुरुस्त करते.

काकांना घाई होती. त्यांची मुलगी प्रणाली अंटार्क्टिकावर हवामानाचं काम करते. हॅमचं वेड तिला बापाकडूनच लागलेलं. दुसऱ्या दिवशी ती परतीच्या जहाजात बसणार होती, म्हणजे तिथला तिचा सेट बंद. वर्षभर काकांनी रेडिओवर बोलून हाका मारल्या, एकही पोचली नव्हती.

"फोन येतो ना तिचा?"

"येते ना. पण तो कंपनीचा. हे माह्या वावरातून गेलं पायजे."

मी अँटेना काढून टेस्टिंगचा लोड लावला. आता सिग्नल हवेत न जाता तिथेच जिरणार होता.

"काका, माइकमध्ये शिट्टी वाजवा."

"काऊन?"

"वाजवा तर!"

काटा थेट चारशेवर. काका बघतच राहिले.

बोलताना आवाज चढतो, उतरतो, मध्ये आपण श्वासही घेतो. काकांच्या व्हॉइस मोडमध्ये जेवढा आवाज तेवढीच पॉवर निघते. चारशे असतात ती क्षणभराची टोकं. आळशी काटा सरासरी दाखवतो. एफएममध्ये उलट. गप्प बसलात तरी बटण दाबलंय तोवर पूर्ण पॉवर. आणि प्रणालीने सुचवलेल्या डिजिटल मोडमध्ये कॉम्प्युटर मजकूर सुरांत पाठवतो, आपली पाळी संपेपर्यंत न थांबता. म्हणजे अखंड शिट्टीच, आणि पूर्ण पॉवर अशी सतत काढली की अॅम्प्लिफायर तापतो.

"म्हणून यात पॉवर निम्मी ठेवा," मी अँटेना परत जोडत म्हटलं.

"पोरगी दुनियेच्या टोकाले हाये, अन् तुम्ही कमी करा म्हंता?"

ऐकतात कुठले! चारशेवरच चालवला. संदेश अर्ध्यावर असताना अॅम्प्लिफायर तापून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग जळका वास आला.

काकांनी स्विच बंद केला. "गेलं. आता काय ऐकू जाते तिले."

मी अॅम्प्लिफायर बाजूला काढला, रेडिओ थेट अँटेनाला जोडला आणि पॉवर तीस वॅटवर ठेवली. गोठ्यातला बल्बही याहून जास्त खातो. खरं सांगते, मलाही आशा नव्हती. नुसतं बसवेना, म्हणून त्याच डिजिटल मोडमध्ये हाक पाठवली.

उत्तर नाही. पुन्हा पाठवली. स्पीकरमध्ये नुसती खरखर. कानाला त्यात काहीच ऐकू येत नव्हतं, पण कॉम्प्युटरने त्या खरखरीतूनच प्रणालीचा कॉलसाइन, म्हणजे तिचं रेडिओवरचं नाव, वेचून पडद्यावर मांडला. पाठोपाठ रोमन अक्षरांत एक ओळ उमटली. या मोडमध्ये मोकळ्या मजकुराला जेमतेम तेरा जागा असतात, तेवढ्यात तिने बसवली होती: "ऐकू आलं बाबा".

काकांनी पडद्यावर हात ठेवला. मग खिडकीतून निंबाला बांधलेली अँटेनाची तांब्याची तार बघत राहिले.

"इथूनच गेलं?"

"हाव," मी म्हटलं.

तो अॅम्प्लिफायर मी नंतर दुरुस्त करून दिला. आता कोणी किती वॅटचा घेऊ विचारलं, तर मी आधी विचारते: बोलणार आहात, की शिट्टी वाजवणार?