भाच्याची स्क्रीन

नौपाड्यातल्या त्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचा पहिला शब्द कायम ‘कशाला?’ असतो. गिऱ्हाईक काहीही मागो, कुणाच्या तरी लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढत, मान वर न करता तो तेवढंच विचारतो.

मी रॅम वाढवायला गेले तेव्हाही त्याने विचारलं. मी बावन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवते. म्हटलं, “भाच्यासाठी. गेम खेळतो तो.” रॅम बसली. महिन्याभराने मी नव्या स्क्रीनसाठी गेले, तीही भाच्यासाठीच.

“काय खेळतो?”

“गाड्यांच्या शर्यती.”

“मग बारीक चित्रापेक्षा वेगाची स्क्रीन घ्या. त्याला घेऊन या, दाखवतो.”

“तो पुण्याला असतो.”

“आणि लॅपटॉप ठाण्यात?”

शेजारी माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील उभे होते. माझे कान तापले. दुरुस्तीवाल्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, दोन स्क्रीनवर गाड्यांची शर्यत सुरू केली आणि घाईघाईने ब्रश उचलला. “मॅडम, जरा टेस्ट करता? माझे हात अडकलेत.”

पहिल्या स्क्रीनवर वळण पुसट दिसलं. दुसरीवर ते इतकं लख्ख आलं की मी खुर्चीतच डावीकडे कलले आणि ओरडले, “सरक रे बाजूला!”

मुलीचे वडील दचकून खरंच सरकले.

ते गेल्यावर मी म्हटलं, “भाचाबिचा कुणी नाही. मीच खेळते.”

“पहिल्याच दिवशी कळलं. कीबोर्डमधून खडूची पूड निघाली.”

“मग बोलला नाहीत ते?”

स्क्रू पिळत तो म्हणाला, “तुम्ही त्याच्याबद्दल इतक्या कौतुकाने बोलत होता!”