चढाचं चाक, वाऱ्याचं चाक

श्ये रुंगखुनच्या हाताखालून आयुष्यभरात किती चेनव्हीलं, म्हणजे पायडलाजवळची दातेरी चाकं, गेली असतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ताइचुंगजवळच्या शेनगांगमध्ये गल्लोगल्ली सायकलीचा कुठला ना कुठला भाग बनतो. तिथल्याच एका कारखान्यात तो साच्यांचा मिस्त्री होता. चेन दात्यावर कशी बसते नि कशी सुटते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. स्वतः मात्र तो स्कूटरवरून फिरायचा. कोपऱ्यावरून सोयाचं दूध आणायलासुद्धा स्कूटरच.

सायकल चालवायची ती त्याची बायको शिऊलुआन. मुलगी लग्न होऊन गाओश्योंगला गेली, घर मोकळं झालं, तेव्हा ती गल्लीतल्या बायकांच्या सायकल-मंडळात शिरली. दर रविवारी या बायका दादू नावाची टेकडी ओलांडून समुद्राकडे जायच्या. टेकडी जातानाही होती आणि येतानाही. हिवाळ्यात वर उत्तरेचा वारा, असा की सायकल जागच्या जागी उभी राहावी. शिऊलुआनच्या सायकलीला पुढे एकच चेनव्हील होतं. लहान बसवलं तर किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर पाय नुसते भिरभिरायचे, मोठं बसवलं तर टेकडीवर गुडघे बोलायला लागायचे.

"तुझ्या कारखान्यात एवढी चाकं पडलेली असतात," ती एकदा जेवताना म्हणाली, "मग मला रस्त्यात थांबून बदलता येईल असं का नाही बनवत? टेकडीखाली आले की चढाचं लावीन, समोरून वारा आला की वाऱ्याचं, आणि रस्ता मोकळा मिळाला की मोठं."

रुंगखुनने सांगितलं की यासाठीच पुढे दोन चेनव्हीलांची सायकल असते, कळ दाबली की चेन इकडची तिकडे जाते. ती म्हणाली, तशी एक तिने मैत्रिणीकडून घेऊन चालवली होती. दर वेळी चेन पडायची आणि हात काळे व्हायचे. मग मोटरवाली सायकल घे, असं तो म्हणाला. त्यावर तिने असं काही पाहिलं की त्याने तो विषय परत काढला नाही.

पण गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. त्याने चेनव्हीलाच्या तीन दातेरी चकत्या कापल्या, लहान, मधली आणि मोठी. मधलं भोक एवढं ऐसपैस ठेवलं की पायडल न काढता चकती क्रँकवरून, म्हणजे पायडलाच्या दांड्यावरून, बाहेर यावी. डब्याचं झाकण दाबून फिरवतात, तशी ती फिरवून बसवायची. पाय मारू तशी ती आणखी घट्ट व्हायची, आणि उलटी फिरू नये म्हणून स्प्रिंगची एक बारीक खिळी. ना पाना, ना बोल्ट. कारखान्यातल्या तपासणी विभागातली इंजिनियर, श्यू पेईत्से, तिलाही ते आवडलं. तिने चकती आपल्या यंत्रावर चढवून दिली, आणि यंत्राने हवा तेवढा जोर लावूनही ती हलली नाही.

शिऊलुआनने थंडीभर ती वापरली. एका रविवारी किनाऱ्यावर तिने चकती बदलली, तेव्हा वाऱ्याने वाळू उडत होती. ती वाळू खिळीच्या भोकात जाऊन बसली आणि खिळी अर्धीच बाहेर आली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. परतीच्या उतारावर, वळणाशी पायडल सरळ करायला तिने पाय जरा मागे फिरवला. चकती निसटली, चेन अडकली आणि ती रस्त्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

रुंगखुन इस्पितळात पोचला तेव्हा ती डॉक्टरला विचारत होती, सायकल कुणी उचलली का. घरी येऊन त्याने चकत्या एका खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं. ती गळ्यात हात बांधून घरी आल्यावरही तो तिच्याशी जेवणापुरतं नि औषधापुरतंच बोलायचा. तिने चकत्यांचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, "ते संपलं."

"का संपलं?"

"माझ्या चाकाने तुझं हाड मोडलं. आणखी काय व्हायला पाहिजे?"

"वाळूने मोडलं," ती म्हणाली. "तुमचं तपासणीचं यंत्र खोलीत असतं, तिथे वाळू येत नाही. तू स्वतः कधी बसलायस तिथे सायकलवर? हातमोजे घालून, बोटं गारठलेली असताना ती खिळी दाबून बघितलीयस?"

नव्हती बघितली. त्याला राग आला.

पुढच्या रविवारी तो माळ्यावरच्या चकत्या उतरवून, तिचीच सायकल घेऊन मंडळासोबत निघाला. बायकांना आयतं खाद्य मिळालं. "भावोजी, चाकं तुम्ही बनवता ना? मग ती फिरवतात कशी ते माहीत नाही का?" टेकडी त्याने अर्धी चालत चढली. किनाऱ्यावर समोरून वारा आला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिथे एका बंद दुकानाच्या आडोशाला त्याने चकती काढायला घेतली. बोटांना खिळी लागतच नव्हती. हातमोजा काढला, तर बोटं लाकडासारखी. चकती हातातून सुटून गवतात गेली, ती मंडळातल्या बायकांनी शोधून दिली. त्या वेळी मात्र कुणी टोमणा मारला नाही.

तो आणखी बरेच रविवार गेला. मग त्याने स्वतःची आवडती, झाकणासारखी फिरणारी रचना टाकून दिली. नव्या चकतीला जाड डोक्याचे चार बोल्ट होते. ते सैल केले तरी चकतीतच अडकून राहायचे, म्हणजे गवतात हरवायला नकोत. पाना एकच, हातमोज्यात धरता येईल एवढा. बदलायला वेळ जास्त लागायचा. या वेळी पेईत्सेने यंत्रावर चढवलेल्या चकतीवर वाळू आणि मिठाचं पाणी ओतलं. पहिल्या खेपेला एका बोल्टाशी तडा गेला. तिथे त्याने धातू वाढवला आणि दुसऱ्या खेपेला चकती टिकली.

"मिस्त्री, खरं सांगू?" ती म्हणाली. "बाजारात हे चालणार नाही. लोकांना सायकलवरून उतरायचं नसतं, बोट हलवायचं असतं."

ती बरोबर बोलत होती आणि त्याला ते पटलं. कारखान्याने ती चकती घेतली नाही. त्याने तिन्ही चकत्यांचा एक संच घरी नेला. शिऊलुआनने हात वर करून दाखवला, अजून पूर्ण वर जात नव्हता, आणि चकती तिने स्वतःच बसवली.

शरदात मंडळ पुली गावाहून वुलिंगच्या खिंडीला निघालं, डोंगरात सगळ्यात उंचावर जाणाऱ्या रस्त्याने. रुंगखुनही आता स्वतःची सायकल घेऊन सोबत होता. पहिला टप्पा मधल्या चकतीवर गेला. वुशेच्या पुढे रस्ता उभा राहायला लागला, तशी शिऊलुआन कडेला थांबली आणि पाना काढला. तो मदतीला वाकला, तर तिने कोपराने त्याला बाजूला केलं. हातमोजे न काढता तिने लहान चकती चढवली, मधली पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि निघाली.

वाटेवरच्या त्सुईफेंगला त्याचे गुडघे संपले, ती वर वुलिंगकडे गेली. तिथल्या बाकावर बसून त्याने चहात उकडलेली अंडी खाल्ली आणि येणारीजाणारी सायकलवाली मंडळी बघत बसला. धुकं आलं, गेलं, परत आलं. दुपार कलल्यावर ती खाली आली. ओठ निळे, नाक लाल.

"वर काय दिसलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. धुकं होतं."

"आणि चाक?"

तिने जरा आठवून पाहिलं. "त्याच्याकडे लक्षच गेलं नाही," ती म्हणाली.

त्याने उरलेलं अंडं तिला सोलून दिलं.

आता मंडळातल्या बहुतेक बायकांच्या सायकलींना त्याच्या चकत्या आहेत. शनिवारी तो कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये त्या कापत बसतो, मालकाची हरकत नाही. रविवारी त्यांच्यासोबत जातो, टेकडीवर अजून मागे पडतो. शिऊलुआनचं हाड थंडीत दुखतं. दुखलं की ती त्या दिवशी मधलीच्या जागी लहान चकती लावते आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, त्याच्या सोबतीने येते.