उपास काकूंचा, खीर सुजाताची

सुजाता टीव्हीवर दोनदा मेली आणि दोन्ही वेळा परत आली.

तिसऱ्यांदा खरी गेली. आज वर्ष झालं.

पण थांबा, ही रडकी पोस्ट नाहीये. आज बदनापुरात जे घडलं ते बघून मी अजून हवेत आहे. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुजाता माझी शाळेतली मैत्रीण. एकाच बाकावरची. मुंबईला गेली, भरपूर धक्के खाल्ले आणि एका मालिकेत मोठ्या घरची सोशिक सून झाली. डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट, आणि दर चार-पाच एपिसोडला एक नवीन व्रत.

घरी मात्र भिंतीवर बुद्ध आणि कमलमावशीची, म्हणजे तिच्या आईची, शिस्त. व्रत नाही, उपास नाही, नवस तर बिलकुल नाही. सुजाताही हे मनापासून मानायची, आईला भिऊन नव्हे.

"सेटवर जोडते ते हात कामाचे. घरी जोडते ते माझे," म्हणायची.

आता माझी आई. शेतकरी घरातली, देवभोळी, आणि सुजाताची एक नंबर फॅन. तिला सूनबाईच म्हणायची.

मालिकेत सून कोमात गेली, तर आईने तिच्यासाठी मंगळवार धरले! गल्लीतल्या बायांनाही धरायला लावले.

मी म्हटलं, "अगं आई, नाटक आहे ते."

"मला कळत न्हाई का? पन पोर तर आपलीच पडून हाय ना तिथं. आसं डोळे मिटून खोटं खोटं पडून राह्यलं की दुखणं लागतं अंगाला."

घ्या!

फोनवर हे ऐकून सुजाता हसून हसून बेजार. मग म्हणाली,

"मंगे, उद्या माझी मुलाखत हाय टीव्हीवर. घरी कोणते उपास करता, आसं विचारणार हायेत. चॅनेलवाले म्हणले, उत्तर देऊ नका, नुसतं गोड हसा."

"मग?"

"मला न्हाई जमायचं तसं हसायला. पन काकू काय म्हणतील गं? त्या माझ्यासाठी उपाशी बसून राह्यल्या!"

भूमिका हातची जाऊ शकत होती. आणि हिला धास्ती कुणाची, तर माझ्या आईची.

दुसऱ्या दिवशी तिने सरळ सांगून टाकलं. "मी बौद्ध आहे. उपास करत नाही. ती सून करते, मी तिचं काम करते."

आईने ते बघितलं. टीव्ही बंद केला आणि भाकरी थापायला बसली. त्या आठवड्यात मालिकासुद्धा लावली नाही.

सुजाताचा रोज फोन. "काकू काही बोलल्या का?"

काय सांगू, कपाळ!

तेवढ्यात आली बुद्धपौर्णिमा, तीही नेमकी मंगळवारी. त्या दिवशी त्यांच्या विहारात खीर करतात, आणि शूटिंग कुठेही असो, ती ढवळायला सुजाता घरी येणार म्हणजे येणार. तशी आली. मेकअप नाही, पांढरी साडी, हातात मोठा डाव. मी शेजारी उभी.

आणि समोरून आई! मागे गल्लीतल्या सगळ्या बाया.

सुजाताचा हात थांबला. "काकू, मी टीव्हीवर जे बोलले..."

"उपास मी केल्ता," आई म्हणाली. "तुला कुठं करायला लावला?"

मग कमरेवर हात ठेवून तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"न मानता इतकं बराबर हात जोडती तू? मला तर वाटलं, खरंच पाळती. मंग तर तू लई मोठी नटी हायस बाई!"

सगळं विहार हसलं. सुजाता हसता हसता रडायला लागली.

"रडू नको, जल्दी खीर वाढ. उपास सोडायचाय."

भूमिका टिकली. पुढे तिला पुरस्कारही मिळाला. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, "काकूंनी आधीच दिल्ता गं."

मग खरं आजारपण आलं. आईने पुन्हा मंगळवार धरले. दवाखान्यातून सुजाता चिडवायची, "काकू, मी मानत न्हाई, पन तुम्ही सोडू नका हं."

ती गेली आणि आई देवावर रुसली. दिवा लावायची, पण देवाशी बोलायची नाही. वर्षभरात एक उपास नाही. आईला असं बघून मला भीती वाटायची.

काल कमलमावशी आमच्या दारात. "मंगलची आई, उद्या पोरीच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला विहारात खीर हाय. तू उपास धर."

आई बघतच राहिली. "तू सांगती मला उपास धरायला?"

"मी न्हाई मानत. पन माझी पोर सेटवर सगळ्यायला सांगायची, गावात माझ्यासाठी कुणीतरी उपाशी हाय म्हणून. तू धर. सोडायला खीर माझी."

आणि आज आई आली! सगळ्या बायांना घेऊन आली. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती.

वंदना झाली. आईने सुजाताच्या फोटोपुढे फूल ठेवलं आणि मावशीला हळूच विचारलं, "इथं काय म्हणायचं आसतं?"

"तुला जे वाटंल ते."

इतकी वर्षं शेजारपाजारात ऐकलेलं, पण स्वतः कधीच न म्हटलेलं, माझी आई आज खणखणीत म्हणाली.

"जय भीम, सूनबाई!"

मग तिथेच बसून खीर खाल्ली आणि उपास सोडला.

सुजे, पातेल्याच्या तळाची खरवड दरवर्षी तू पळवायचीस.

आज माझ्या वाट्याला आली. खाताना तुझी फार आठवण आली.

जय भीम, मैत्रिणी. भरल्या पोटाने, भरल्या मनाने तुला श्रद्धांजली.