रेघ नसलेली ओळ

मतदान संध्याकाळी सहाला बंद होणार होतं, आणि सकाळी नऊलाच मी गोवा बेसच्या ग्रुपवर लिहून मोकळा झालो होतो: "पानन् पान वाचलंय. निर्धास्त यस करा."

मी प्रवासी विमानाचा कॅप्टन. आमच्या पायलट असोसिएशनचा गोवा बेसचा प्रतिनिधीही मीच. बेस म्हणजे जिथून तुमची ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते ते विमानतळ. बारा वर्षं दिल्ली आणि हैदराबाद केल्यावर मला गोवा मिळालं होतं. तिथून मालवणजवळचं आमचं घर गाडीने दोन तासांवर. सुट्टीचा दिवस घरी घालवता येणं ही पायलटच्या आयुष्यात केवढी गोष्ट आहे, हे पायलटच्या बायकोला विचारावं.

कंपनीने नव्या कराराचा चौथा ड्राफ्ट पाठवला होता. त्यात बरंच चांगलं होतं. विमान उडो न उडो, महिन्याला ठरावीक तासांचा पगार नक्की. दोन ड्युटींमधली विश्रांती वाढवलेली. को-पायलट कधी कॅप्टन होणार, याच्या तारखा पहिल्यांदाच कागदावर आलेल्या. वर्षभर भांडून मिळवलेलं हे सगळं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. सातबारा असो की बँकेचा फॉर्म, वाडीतला माणूस कागद घेऊन माझ्याकडे येतो. बेसवरही तेच झालं होतं. परबने वाचलंय ना, मग झालं. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी मला ऑफ होता. मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळे थोरला भाऊ घरीच होता. दादा ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे आमच्याकडचा बोटीचा कॅप्टन. शिक्षण सातवी. पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होता. माझा फोन सारखा वाजत होता.

"सकाळधरना वाजता तो. कंपनीन विमान विकूक काढल्यान काय?"

"मतदान आसा, दादा. नव्या कराराचा. मी सगळ्यांका हो म्हणान सांगलंय."

"वाचलंस मां पुरा?"

"दादा, मी ग्रॅज्युएट आसंय."

"म्हणानच इचारतंय."

मग मी त्याला पगार, विश्रांती, तारखा असं सगळं समजावून सांगितलं. त्याने जाळ्यावरची मान वर केली नाही.

"बरा आसा. आणि बंदर?"

"बंदर म्हणजे?"

"तुझा बंदर खंयचा, ता खंय लिवलाहा? आमच्या होडयेच्या कागदार बंदराचा नाव आसता. नसला तर उद्या कोण पण म्हणात, होडी रत्नागिरीक लाव आणि बायल-पोरां हयसर ठेव."

मी हसलो. "गोवा. ता आसाच."

"दाखव."

मी टॅबवर शोधायला लागलो. आता आमच्या वाचण्याच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. आमची मॅन्युअल्स हजार-हजार पानांची, आणि सारखी बदलतात. दर वेळी सगळं कोण वाचणार? म्हणून बदललेल्या ओळीशेजारी समासात काळी उभी रेघ असते. तिला चेंज बार म्हणतात. पायलट नवीन मॅन्युअल उघडतो आणि रेघा शोधत जातो. रेघ नाही, म्हणजे जुनंच आहे. करारही तसाच पाठवा, अशी मागणी आम्हीच कंपनीकडे केली होती. मी चौथ्या ड्राफ्टमधली रेघ असलेली प्रत्येक ओळ दोनदा वाचली होती. माझ्या लेखी तेच पानन् पान.

बेसची व्याख्या दुसऱ्या पानावर होती. रेघ नव्हती. "होम बेस म्हणजे कंपनी वेळोवेळी रोस्टरमध्ये दाखवील ते ठिकाण."

जुना करार मेलमध्ये होता. तो काढला. तिथे होतं, "वैमानिकाच्या लेखी संमतीने ठरलेलं ठिकाण."

फरक साधा आहे. बेसबाहेर मुक्काम असला की हॉटेल आणि गाडी कंपनीची. साप्ताहिक सुट्टी बेसवर. उद्या रोस्टरमध्ये, म्हणजे महिन्याच्या ड्युटीच्या तक्त्यात, माझ्या नावापुढे रायपूर आलं, तर रायपूर हेच माझं घर. सुट्टी तिथे, भाडं माझं, आणि तक्रारीला जागा नाही, कारण सही केलेली.

मी असोसिएशनचे अध्यक्ष कॅप्टन कुलकर्णी यांना पुण्याला फोन लावला. ओळ वाचून दाखवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

"हे ड्राफ्ट दोनमध्ये बदललंय," शेवटी म्हणाले.

"तेव्हा रेघ होती?"

"होती ना. पण तेव्हा अख्ख्या कागदावरच रेघा होत्या, आणि आपण सगळे तासांवरून भांडत होतो. आता मारल्यात त्या फक्त ड्राफ्ट तीननंतरच्या बदलांना."

त्यांनी एचआरच्या मॅडमना लाइनवर घेतलं. मॅडम शांत होत्या. "कॅप्टन, ती फक्त व्याख्या आहे. तुम्हाला कोणी हलवत नाहीये."

"मग तेवढं लिहून द्या," मी म्हटलं.

"मतदान चालू असताना मजकूर बदलता येत नाही."

दुपारचे तीन वाजले होते. दिलेलं मत सहापर्यंत बदलता येत होतं. मी ग्रुप उघडला आणि तसाच बसून राहिलो. सकाळचा माझा मेसेज वरच होता. त्याखाली होकाराच्या अंगठ्यांची रांग.

"काय झाला?" दादाने विचारलं. मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की आता कुठल्या तोंडाने लिहू.

"माझी होडी खडपार घासली तर मी वायरलेसवर पयला सगळ्यांका सांगतंय, हयसर खडप आसा म्हणान. लाज मगे घरी येवन वाटून घेतंय."

मी लिहिलं: "पानन् पान वाचलं नव्हतं. फक्त रेघा वाचल्या होत्या. पान दोन, होम बेसची व्याख्या वाचा. माझं मत मी नो केलंय. चूक माझी." दोन्ही करारांतल्या ओळी खाली जोडल्या आणि तोच मजकूर कुलकर्णींना पाठवला. त्यांनी तो सगळ्या बेसना पाठवला.

पहिला फोन सायलीचा. सायली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. दोडामार्गची. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त उडालेली. या करारात तिची कॅप्टन होण्याची तारीख ठरली होती, सहा महिन्यांवर.

"सर, सकाळी यस, दुपारी नो. आम्ही काय समजायचं?"

"सकाळी मी नीट वाचलं नव्हतं."

"करार पडला तर माझी तारीख जाईल."

"जाईल बहुतेक."

"तुमच्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या आहेत, सर. तुम्हाला बेसची काळजी परवडते."

मी म्हटलं, "तू तुझं मत दे. मी सांगतो म्हणून देऊ नकोस."

"आता तुम्ही सांगून कोण देणार आहे?" म्हणाली आणि फोन ठेवला.

करार थोडक्या मतांनी पडला. चार महिन्यांनी पाचवा ड्राफ्ट आला. होम बेसपुढे "लेखी संमतीने" हे शब्द परत आले. त्याच्या बदल्यात पगारवाढ थोडी कमी झाली आणि को-पायलटच्या तारखा वर्षभर पुढे गेल्या. तो करार मंजूर झाला.

आधीचा मंजूर झाला असता तर कंपनीने खरंच कुणाला हलवलं असतं का? मला माहीत नाही. सायलीच्या मते नसतं. तिचं म्हणणं खोटं आहे, हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि तिचं वर्ष गेलं हे खरंच आहे. आता ती कॅप्टन आहे. मागच्या महिन्यात क्रू रूममध्ये भेटली, तेव्हा मी अभिनंदन केलं. "थँक्यू सर," म्हणाली, आणि आपला फ्लाइट प्लॅन वाचायला लागली.

पुढे एकदा मी एचआरच्या मॅडमना विचारलं, की रेघा कशाच्या तुलनेत आहेत हे तुम्ही सांगायला नको होतं का? त्यांनी चौथ्या ड्राफ्टचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तळाशी, बारीक अक्षरात छापलं होतं: समासातील रेघा ड्राफ्ट तीननंतरचे बदल दाखवतात.

त्या ओळीलाही रेघ नव्हती.